काहीच न घडणारी कॅसेट

फुटबॉलच्या मैदानात सगळं जग चेंडूकडे बघतं. मला पगार मिळायचा तो चेंडू नसलेल्या माणसाकडे बघत बसण्याचा. दहा-बारा वर्षं दोह्यातल्या एका क्लबमध्ये हे काम केलं आणि डोळ्यांना जी खोड लागली ती लागलीच. लग्नाला गेलो तर नवरा-नवरीपेक्षा माझं लक्ष मागे ताटकळलेल्या वाढप्यांकडे. टीव्हीवर हिरो बोलत असतो आणि मी त्याच्या मागच्या हवालदाराला न्याहाळत असतो. "तुमच्याबरोबर सिनेमा बघण्यापेक्षा भांडी घासलेली बरी," असं आमची बायको लुर्द म्हणते. नाताळ अंकाच्या संपादकांनी नोकरीबद्दल काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा तिनंच बजावलं, "फुटबॉलवर लिहा, पण माणसांना कळेल असं." बघतो प्रयत्न करून.

मी वसईचा. लग्नांचं शूटिंग करायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा अल मुंतझामधल्या एका कॅसेटच्या दुकानात नोकरी लागली म्हणून दोह्याला गेलो. तिथं एका फुटबॉल क्लबचा माणूस सामन्यांच्या कॅसेटच्या कॉप्या काढायला येई. त्यांचा कॅमेरावाला एकदा सुट्टीवर गेला, मी बदलीवर उभा राहिलो आणि तिथंच चिकटलो. माझं नाव पीटर. अरबीत 'प' नाही, त्यामुळे क्लबमध्ये मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बीटर होतो. सुरुवातीला मी दुरुस्त करत असे. मग घरीसुद्धा कुणी बीटर म्हणालं तर ओ द्यायला लागलो.

काम काय, तर सामना चित्रित करायचा, मग दोन व्हीसीआर जोडून त्यातले हवे तेवढे तुकडे कोचसाठी काढायचे. आमचे कोच बाल्कनातले. त्यांचं आडनाव उच्चारता उच्चारता सामना संपला असता, म्हणून सगळे त्यांना नुसतं 'मिस्टर' म्हणत. मोसम संपला की मिस्टर भिंतीवर पांढरा फळा लावत. त्यावर अकरा लोहचुंबक, म्हणजे मैदानावरच्या अकरा जागा. कोण म्हातारा झाला, कुणाचा गुडघा गेला, कोण निघून चालला, ते बघून एकेक चुंबक काढून घ्यायचं. जिथं फळा रिकामा राहिला तिथं माणूस हवा. ही झाली गरज. दुसऱ्या बाजूला बाजारात कोणकोण आहे आणि त्यातला कोण पुढे चमकेल, हा झाला अंदाज. या दोघांचं भांडण लावून देणं म्हणजे आमचा धंदा. मीठ आणायला निघालेला माणूस पापलेट घेऊन घरी येतो आणि मग बायको विचारते की आता हे अळणी खायचं का. फुटबॉल क्लब दर उन्हाळ्यात हेच करतात.

पापलेट म्हणजे गोल मारणारे. ते सगळ्यांना हवे असतात. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पुण्याचे एक गॅस कंपनीतले इंजिनियर दरवर्षी मला कोपऱ्यात गाठून सांगत, "तुमचा प्रॉब्लेम एकच आहे हो, तुम्हाला फिनिशर नाही." त्यांनी आमचा एकही सामना पाहिलेला नव्हता. पण उंटावरून शेळ्या हाकायला दोह्यासारखं ठिकाण दुसरं नाही.

एजंट लोक परदेशातून कॅसेट पाठवत. त्या म्हणजे स्थळाचे फोटो, सगळा उजेड चांगल्या बाजूवर. एकदा एक कॅसेट आली. तिच्यातला स्ट्रायकर असा पळत होता की बचाव करणारे जागच्या जागी रुजलेत असं वाटावं. खोलीत सगळे खूश. मिस्टर मात्र भुवया ताणून बसलेले. त्यांना काहीतरी खटकत होतं, काय ते सांगता येईना. मला त्या पोराकडे बघायचंच नव्हतं, मी नेहमीप्रमाणे मागे बघत होतो. मागे एक आजोबा प्रोग्रामच्या पुस्तिकेनं वारा घेत होते. एवढ्या झपाट्यानं वारा घेणारा आजोबा मी जन्मात पाहिलेला नाही. कॅसेट किंचित पळवून भरली होती. ही युक्ती मला कळली यात माझं कौतुक काही नाही. लांबलेली वरात एका कॅसेटमध्ये बसवायला मी वसईत हेच करत असे. चोराची पावलं चोरालाच ठाऊक.

तर असा धंदा. आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो तिच्याकडे येतो. ती आठवली की मला अजून एका जागी बसवत नाही, लिहितानाही दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलोय.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आमच्या लीगमधला एक क्लब बंद करायचं ठरलं. त्याचे खेळाडू वाऱ्यावर सोडायचे नाहीत म्हणून असा तोडगा निघाला, की बाकीच्या क्लबांनी ते पाळीपाळीनं उचलायचे. जो लीगमध्ये तळाला त्याची पाळी पहिली. याला ड्राफ्ट म्हणतात. आम्ही तळातून दुसरे होतो, म्हणजे आमची पाळी दुसरी. वाईट खेळण्याचा एवढा फायदा आम्हाला प्रथमच झाला होता.

फळ्यावर आमची गरज उघडी पडली होती. डावीकडचा मागचा माणूस, म्हणजे लेफ्ट बॅक, नव्हता. होता तो निवृत्त झाला होता. बंद पडणाऱ्या क्लबकडे एक लेफ्ट बॅक होता, यूनुस. अठ्ठाविशीतला, सुदानी आईबापांचा, पण जन्म दोह्याचा. त्याच क्लबकडे सालेम नावाचा एक एकोणीस वर्षांचा स्ट्रायकरही होता, येमेनी आईबापांचा, जन्म तोही दोह्याचाच. सालेमनं त्या मोसमात दोन-चार असे गोल मारले होते की चहाच्या टपरीवरही त्याच्याच गप्पा. आता मेख अशी, की इथं जन्मलेल्या पण नागरिक नसलेल्या खेळाडूंसाठी प्रत्येक क्लबला मोजक्याच जागा असत. आमच्याकडे अशी जागा उरली होती एक. म्हणजे यूनुस किंवा सालेम. मीठ किंवा पापलेट.

यूनुस स्वतःच माझ्या खोलीवर आला. मी त्याला ओळखत होतो तो कॅमेऱ्यातून. बसला नाही. कॅसेटच्या रॅकपासून दारापर्यंत फेऱ्या मारत राहिला. मीही तसाच, मला कुणी फेऱ्या मारताना दिसलं की माझे पाय आपोआप उठतात. शेवटी त्या एवढ्याशा खोलीत आम्ही दोघं एकमेकांना वाट देत चालत होतो.

"ब्रदर बीटर, तुमच्या क्लबला लेफ्ट बॅक हवाय ना?"

"हवाय. पण निर्णय माझ्या हातात नाही."

"कॅसेट तर तुझ्या हातात आहे." मग दाराशी वळून म्हणाला, "माझा व्हिसा क्लबवर आहे. कुणीच उचललं नाही तर खलास. वडील रिटायर होऊन परत गेले, आता मला स्पॉन्सर कोण? गाव मी आयुष्यात दोनदा पाहिलंय. तिथं गेलो की चुलते शेजाऱ्यांना सांगतात, कतारचा पाहुणा आलाय. माझी आई इथं पुरलेली आहे, बीटर. मी कुठला पाहुणा?"

माझाही व्हिसा क्लबवरच होता. पण माझ्यामागे वसई होती, वाडी होती, परत गेलो तर "आलास का रे" म्हणणारी माणसं होती. त्याला जिथून घालवणार होते तेच त्याचं घर. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. लुर्द म्हणायची, "तुमचा कोण लागतो तो?" कुणीच नाही, म्हणूनच तर झोप येत नव्हती.

कॅसेट काढायला बसलो आणि डोक्याला हात लावला. यूनुसच्या सगळ्या सामन्यांच्या कॅसेट माझ्याकडे होत्या आणि त्यांत यूनुस जवळजवळ नव्हताच. कॅमेरा चेंडूमागे जातो आणि चेंडू त्याच्याकडे येतच नव्हता. पहिल्यांदा वाटलं, हा लपून खेळतो की काय. मग लक्षात आलं. समोरचा विंगर, म्हणजे कडेनं पळत हल्ला करणारा, चेंडू घेऊन त्याच्या बाजूला यायचा, मान वर करून बघायचा, समोर यूनुस दिसायचा आणि हा बहाद्दर चेंडू निमूट मागे द्यायचा. पुन्हा यायचा, पुन्हा मागे. थोड्या वेळानं यायचंच बंद करायचा. मोसमभर प्रत्येक संघानं दुसऱ्या बाजूनं हल्ले चढवले होते. ज्याच्या बाजूला काही घडतच नाही, तो चांगला लेफ्ट बॅक. आता हे दाखवायचं कसं? मी तेच तुकडे जोडले. विंगर येतो, बघतो, परत जातो. येतो, बघतो, परत जातो. अख्ख्या कॅसेटमध्ये ना गोल, ना धडक, ना टाळ्या. मिस्टरांनी ती पाहिली आणि चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. "हाच," म्हणाले, "मला हाच हवा."

पण मिस्टरांना हवा असून उपयोग नव्हता. ड्राफ्टमध्ये आमच्या वतीनं नाव पुकारणार होते अबू नासर. ते आमच्या क्लबचे मॅनेजर, कतारी, साठीला आलेले. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापारात मुंबईला येऊन-जाऊन असायचे, त्यामुळे त्यांना हिंदी यायचं, तेही जुन्या मुंबईचं. "बीटर, तुम सीधा आदमी है," असं ते म्हणाले की मला कळत नसे ही स्तुती आहे की काळजी. त्यांच्यावर होते चेअरमन. चेअरमन सामन्याला फक्त गोल बघायला येत.

ड्राफ्टच्या आदल्या संध्याकाळी, मगरिबची नमाज झाल्यावर, अबू नासरांनी मला आणि मिस्टरांना कॅसेट घेऊन मजलिसमध्ये बोलावलं. मजलिस म्हणजे घराची बाहेरची बैठक. भिंतीकडेनं गाद्या, मधे कॉफीची दल्ला, म्हणजे लांब चोचीची किटली. तिचा एक कायदा आहे, तो कुठं लिहिलेला नाही पण मोडताना मी कुणाला पाहिलं नाही. मजलिसचं दार लावायचं नसतं आणि आलेल्याला जा म्हणायचं नसतं.

मी व्हीसीआर जोडतोय तोच दारात सलाम ऐकू आला. अबू खालिद. हे तळाच्या क्लबचे मॅनेजर, म्हणजे दुसऱ्या दिवशी ज्यांची पाळी पहिली ते! मिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. अबू नासर मात्र उठून उभे राहिले, नाकाला नाक लावून भेटले, तब्येत विचारली, मुलांची विचारली, उंटांची विचारली. मोहिद्दीननं, त्यांच्या केरळी कॉफीवाल्यानं, पाहुण्याला पेला भरून दिला. मी रिमोट पाठीमागे लपवून उभा. वाटलं, पाहुणा कॉफी पिऊन जाईल. त्यांनी एक पेला घेतला, दुसरा घेतला. पुरे झालं की पेला हलवून दाखवायचा असतो. अबू खालिदांचा पेला काही हलेना.

"यल्ला, बीटर," अबू नासर म्हणाले, "लगाओ."

मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. असं मालकाकडे बघायचं नसतं, पण पाहिलं.

"लगाओ ना. अबू खालिद घर का आदमी है."

लावली. विंगर येतो, बघतो, परत जातो. मिस्टर भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळानं अबू खालिद हसले, "यात गोल कुठं आहे?" अबू नासरही हसले. कॅसेट चालूच. मग अबू खालिदांचं हसू थांबलं. त्यांच्या संघानं त्या मोसमात टोपलीनं गोल खाल्ले होते आणि बहुतेक डाव्या बाजूनंच. ते गादीवर पुढे सरकले. "फिर से," म्हणाले. मी मागे घेऊन पुन्हा दाखवली. त्यांनी पेला हलवला, उठले, सगळ्यांना सलाम केला आणि गेले.

बाहेर गाडीपाशी मिस्टर माझ्यावर कडाडले. त्यांच्या भाषेत शिव्या फार लांबलचक असतात. मी तर काय, रडायच्या बेतात होतो. आपल्या हातानं आपलाच लेफ्ट बॅक दुसऱ्याच्या ताटात वाढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये सगळे जमले. पहिली पाळी तळाच्या क्लबची. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ते सालेमचं नाव घेणार. अबू खालिद उठले आणि म्हणाले, "यूनुस." हॉलमध्ये कुजबुज झाली, कुणीतरी हसलंही. दुसरी पाळी आमची. अबू नासर शांतपणे उठले. "सालेम." मिस्टर खुर्ची मागे ढकलून निघून गेले.

मला ते सहन झालं नाही. पार्किंगमध्ये अबू नासरांना गाठलं. त्यांनी मला गाडीत बसायला सांगितलं, एसी लावला.

"तुम्ही त्याला घालवलंत," मी म्हणालो. "बंद करायला सांगितलं असतं तर मी व्हीसीआर बिघडला म्हणून सांगितलं असतं."

"बीटर, चेअरमन का फोन कल दोपहर को आया था. सालेम. खलास. तुम्हारा टेप देखने का पहले ही खलास हो गया था."

"मग मजलिसमध्ये कशाला बोलावलंत आम्हाला?"

त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "अबू खालिद को कॉफी के वास्ते मैं बुलाया."

मला समजायला वेळ लागला. आमच्याकडची एकुलती जागा सालेमला गेलेली. यूनुसला आम्ही घेऊ शकत नव्हतो आणि दुसरं कुणी त्याच्यासाठी आपली जागा घालवणार नव्हतं, कारण त्याचा खेळ कुणाला दिसतच नव्हता. तो दिसायची सोय एकाच कॅसेटमध्ये होती. वर आणखी एक. अबू खालिदांनी पहिल्या पाळीला सालेमला उचललं असतं तर चेअरमननं अबू नासरांना फाडून खाल्लं असतं. म्हणजे यूनुस तिकडे गेला म्हणून सालेम आम्हाला मिळाला. एका दगडात दोन पक्षी, आणि दगड मी.

"तुम्ही हे यूनुससाठी केलंत की सालेमसाठी?" मी विचारलं.

"लडका इधर रहेगा ना? तो बस." मग माझा हात धरून म्हणाले, "किसी को बोलने का नहीं. अबू खालिद को मालूम पडेगा तो सोचेगा मैं उसको उल्लू बनाया. यूनुस को भी नहीं. वो खुशी में सबको बोलेगा. वल्ला बोलो."

मी शब्द दिला. राग इतका आला होता की दार आपटून उतरावंसं वाटत होतं, आणि आनंद इतका झाला होता की उतरवत नव्हतं. पोरगं राहणार होतं. आईच्या कबरीपासून त्याला कुणी हलवणार नव्हतं. मग माझ्या कॅसेटचा कुणी कसा का वापर केला असेना! असं मी स्वतःला त्या दिवशीही समजावलं आणि आजही समजावतो. पूर्ण पटत नाही.

पुढच्या मोसमात पहिल्यांदा त्यांच्या क्लबशी गाठ पडली. मी कॅमेरा लावत होतो, यूनुस समोरून आला. मी हात वर केला. तो माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून गेला. सामन्यात त्यानं आमच्या उजव्या बाजूला असं कुलूप लावलं की सालेमला चेंडूच मिळेना. बिचारा मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा. चेअरमन मध्यंतरातच उठून गेले. मोसम संपायच्या आत मिस्टरांना निरोप मिळाला. त्यांनी जाताना मला घट्ट मिठी मारली, म्हणजे शिव्या माफ झाल्या असाव्यात. सालेम दोन-तीन वर्षं बरा खेळला. वाईट नव्हता मुलगा. आम्हाला नको त्या जागी मिळाला, एवढंच.

यूनुस नंतर किती तरी वर्षं खेळला आणि प्रत्येक वेळी आमच्याविरुद्ध जरा जास्तच जीव तोडून. त्याला वाटत होतं की मी त्याची कॅसेट बघून नाक मुरडलं. वाटणारच. आमच्याकडे लेफ्ट बॅकची जागा रिकामी होती, तो स्वतः येऊन बोलून गेला होता, आणि आम्ही स्ट्रायकर उचलला. माझी बाजू मला सांगायची नव्हती आणि ती न सांगता त्याच्यासमोर उभं राहणंही जमत नव्हतं. मी त्यांच्या मैदानावर गेलो की कॅमेऱ्याआड लपायचो. धंद्यात एवढी सोय बरी होती.

त्या दशकाच्या शेवटी मी कायमचा परत यायला निघालो. निघण्याच्या आठवड्यात शुक्रवारची चर्चमधली मिस्सा आटोपून लुर्दला म्हटलं, जरा जाऊन येतो. यूनुस तेव्हा त्याच क्लबमध्ये लहान मुलांना शिकवायचा. मैदानाच्या कडेला उभा होता, केस पांढरे व्हायला लागलेले. या खेपेला त्यानं नजर चुकवली नाही.

"कायमचा चाललास म्हणे?"

"हो."

"माझं लग्न झालं, मुलगी झाली. इथंच. हमदुलिल्ला." मग तो माझ्या अगदी जवळ आला. "बीटर, आता तू जातोयस, राग नाही माझा. पण एक सांगून जा. त्या वेळी माझ्यात तुला काय कमी दिसलं?"

मी आयुष्यभर एका जागी न बसणारा माणूस, तिथं खांबासारखा उभा राहिलो. अबू नासर हयात होते, अबू खालिद पलीकडच्याच ऑफिसात बसलेले. मी म्हणालो, "क्लबचा निर्णय होता, यूनुस."

तो मान हलवून हसला. "चल, बरंच झालं. त्या रागावर इतकी वर्षं पळालो." आणि मुलांकडे वळला.

यूनुसला मराठी येत नाही, अबू नासरांनाही येत नाही. त्यामुळे दिलेला शब्द न मोडता एवढं मी इथं लिहू शकतो. यूनुस, तुझ्यात काहीच कमी नव्हतं.